बोलता न येणाऱ्या बाळाला काय दिसतं हे कळतं तरी कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाळ दोन महिन्यांचं आहे, घरात कोणी म्हणतं त्याला अजून काळं-पांढरंच दिसतं, कोणी म्हणतं सगळं उलटं दिसतं, आणि आता बाळांवर अभ्यास करणाऱ्या एका लॅबमधून बोलावणं आलंय, तर जे बाळ बोलतच नाही त्याला काय दिसतं हे या लोकांना कळतं कसं आणि तिथे त्याला नेमकं करणार काय. मी गेली सतरा-अठरा वर्षं हेच काम करते, बाळांना समोर बसवायचं आणि ती कुठे बघतात ते मोजायचं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

ते उलटं दिसण्याचं पहिले सोडून द्या. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा उलटी पडते हे तुमच्या-माझ्या बाबतीतही खरंच आहे, त्यावरून कोणीतरी ही पुडी सोडली असणार. काळ्या-पांढऱ्यात थोडं तथ्य आहे, त्याच्याकडे नंतर येते.

मूळ अडचण बघा. मोठ्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरं वाचायला लावतात. बाळाला वाचता येत नाही, बोट दाखवता येत नाही, ‘हो’ म्हणता येत नाही, आणि आपण काय विचारतोय हे तर त्याला अजिबातच कळत नाही. पण चार गोष्टी त्याला जवळपास पहिल्या दिवसापासून येतात, बघणं, चोखणं, मान थोडीशी वळवणं आणि कंटाळणं. यातली शेवटची सगळ्यात कामाची. आमचं सगळं शास्त्र या चार गोष्टींवर चालतं, म्हणजे प्रश्न कितीही अवघड असो, तो असा वळवून घ्यायचा की त्याचं उत्तर यातल्या एकीतून मिळेल.

याची सुरुवात केली ती रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९५० च्या दशकात. गंमत म्हणजे त्याचं आधीचं काम कोंबडीच्या पिल्लांवर होतं, नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू कुठल्या आकारावर चोच जास्त मारतं हे तो मोजायचा. माणसाचं बाळ चोच मारत नाही पण बघतं, मग त्याने बाळाला उताणं झोपवलं, वर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली आणि मधल्या छोट्या भोकातून स्वतः डोकावून बघत राहिला. बाळाच्या डोळ्यात, अगदी बाहुलीवर, ज्या चित्राचं प्रतिबिंब पडलंय ते चित्र बाळ बघतंय, एवढं साधं. वेळ मोजायची. एका चित्राकडे सातत्याने जास्त वेळ बघत असेल तर त्या दोन चित्रांतला फरक त्याला दिसतो, नाहीतर जास्त-कमी झालंच नसतं. काही दिवसांची बाळंसुद्धा कोऱ्या रंगीत गोलापेक्षा नक्षी किंवा चेहऱ्यासारख्या चित्राकडे जास्त वेळ बघतात हे त्याने दाखवलं, आणि नवजात बाळाला काहीच धड दिसत नाही असं मानणाऱ्या भल्याभल्यांना गप्प बसावं लागलं.

आता इथे एक गोम आहे, आणि ती कळली की पुढचं सगळं सोपं आहे. बाळाने एकाकडे जास्त बघितलं तर त्याला फरक दिसतो हे पक्कं. पण दोन्हीकडे सारखंच बघितलं तर? कदाचित फरक दिसत नसेल, कदाचित दिसतोय पण दोन्ही सारखीच आवडली असतील, कदाचित झोप आली असेल. म्हणजे ‘हो’ हे उत्तर आम्हाला मिळतं, ‘नाही’ हे उत्तर मिळतच नाही, मिळतं ते फक्त ‘आत्ता काही कळलं नाही’. हा फरक आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात शिरायला वर्ष जातं, आणि ‘बाळांना अमुक महिन्यापर्यंत अमुक दिसत नाही’ अशी जी वाक्यं तुम्ही वाचता त्यातली बरीच इथेच घसरलेली असतात.

फँट्झच्या पद्धतीत दुसरा धोका होता, भोकातून बघणाऱ्या माणसाला माहीत असायचं की कुठलं चित्र कुठे आहे, आणि माणूस माणूसच, त्याला जे हवंय तेच दिसतं. यावर १९७० च्या दशकात डेव्हिडा टेलर यांनी, सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, जो तोडगा काढला तो मला आजही फार आवडतो. त्यांनी निरीक्षकालाच परीक्षेला बसवलं. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला कोरा राखाडी, आणि रेघा डावीकडे की उजवीकडे हे निरीक्षकाला माहीत नाही. त्याने फक्त बाळाकडे बघायचं, बाळ कुठे बघतंय, डोळे मोठे झाले का, मान वळली का, आणि सांगायचं डावी की उजवी. ‘माहीत नाही’ म्हणायची सोय नाही, काहीतरी एक बोलायचंच. नुसता अंदाज मारला तर शंभरात पन्नास बरोबर येणार. साधारण ७५ येत असतील तर बाळाला रेघा दिसतायत, कारण ही माहिती निरीक्षकापर्यंत पोचायला दुसरा रस्ताच नाही, ती बाळाच्या डोळ्यांतूनच आली पाहिजे. मग रेघा बारीक करत जायच्या, जिथे निरीक्षक चुकायला लागतो ती बाळाच्या नजरेची हद्द.

हेच पुढे कार्डांच्या रूपात दवाखान्यांत आलं, टेलर ॲक्युइटी कार्ड म्हणतात. लांब राखाडी कार्ड, एका बाजूला रेघांचा चौकोन, मध्ये पेन्सिलीचं टोक जाईल एवढं भोक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते साधारण ३८ सेंटीमीटरवर धरतात. बाळ आईच्या मांडीवर, पलीकडे मी, कार्ड वर केलं की भोकातून मला फक्त बाळाचा चेहरा दिसतो. जाड रेघांना बाळ झटकन वळतं, कधीकधी तोंड उघडं टाकून बघतं. रेघा बारीक झाल्या की ते आधी भोकाकडे बघतं, म्हणजे सरळ माझ्याकडे, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि मग एका बाजूला क्षणभर थबकतं. तो थबका पकडायचा. मी कार्ड उलटं फिरवून परत दाखवते, आता दुसऱ्या बाजूला थबकलं तर खरं. आणि तिथून पुढच्या कार्डाला ते कार्डाच्या वरून पंख्याकडे बघायला लागतं.

आकडे सांगते. हात लांब करून स्वतःच्या करंगळीच्या नखाकडे बघा, ते नख नजरेत साधारण एक अंश जागा व्यापतं. मोठ्या निरोगी माणसाला त्या नखाएवढ्या जागेत काळ्या-पांढऱ्या रेघांच्या तीसेक जोड्या वेगळ्या दिसू शकतात, त्यालाच डॉक्टर ६/६ म्हणतात. नवजात बाळाला तेवढ्याच जागेत एखादी जोडी. पहिल्या वर्षात ढोबळ हिशोब असा की जितके महिने तितक्या जोड्या, सहा महिन्यांच्या बाळाला सहाच्या आसपास, आणि मोठ्यांएवढी नजर यायला तीन ते पाच वर्षं लागतात. याचं कारण बऱ्याच अंशी डोळ्याच्या पडद्यातच आहे, मधोमध बारीक बघायची जी जागा असते तिथल्या पेशी जन्मतः आखूड, जाड आणि विरळ असतात, त्या पुढे लांब-सडपातळ होऊन दाटीवाटीने बसतात. उरलेलं काम मेंदूचं.

आता एक फजिती सांगते, कारण त्यातून हे काम किती नाजूक आहे ते कळेल. मी शिकाऊ असताना ज्या लॅबमध्ये होते तिथे कार्डं घरीच छापायचं ठरलं, पैसे वाचवायला. तीन महिन्यांची बाळं सात-आठ महिन्यांच्या बाळांसारखे निकाल द्यायला लागली. आम्ही सगळे खूश, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. मग एक दिवस एका कार्डावरच्या रेघा इतक्या बारीक होत्या की मला स्वतःला चष्म्याशिवाय नुसतं राखाडी दिसत होतं, आणि बाळ मात्र टक लावून बरोबर बाजूला बघतंय. तिथे शंका आली. लाइट मीटर लावला तर कळलं की रेघांचा चौकोन आजूबाजूच्या राखाडीपेक्षा किंचित उजळ छापला गेलाय, शाईचा घोळ. बाळ रेघा बघतच नव्हतं, फिकट डाग बघत होतं. चार महिन्यांचा डेटा कचऱ्यात. तेव्हापासून मला कुठलाही निकाल फार छान आला की आधी पोटात गोळा येतो.

काळ्या-पांढऱ्याचा प्रश्नही याच शाईच्या घोळाशी जोडलेला आहे. समजा लाल ठिपका राखाडी कागदावर ठेवला आणि बाळाने बघितला, तर त्याला लाल रंग दिसला की नुसता कमी-जास्त उजेड? काळ्या-पांढऱ्या फोटोतही लाल फूल हिरव्या पानांतून वेगळं दिसतंच की. बाळाच्या डोळ्याला कुठला लाल कुठल्या राखाडीएवढा उजळ वाटतो हे आपल्याला माहीत नाही, मग टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडाच्या बारीक बारीक पायऱ्या करून एकेक तपासल्या. यातली कुठलीतरी एक पायरी बाळाच्या दृष्टीने अगदी सारखी असणारच, आणि त्या पायरीलासुद्धा बाळ रंगाकडे वळलं तर रंगच दिसतोय. असं बघितल्यावर कळलं की दोन महिन्यांच्या बाळांना बरेचसे रंग पांढऱ्यापासून वेगळे ओळखता येतात. त्याआधीही मोठा, भडक लाल ठिपका असेल तर अगदी नवजात बाळांनाही जमतं, फिके आणि छोटे रंग जमत नाहीत, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत तर रंगांची बाजू बरीच सावरलेली असते. म्हणजे तुमच्या बाळाला फक्त काळं-पांढरं दिसतं हे चूक, ठळक फरक चांगला दिसतो आणि काळ्या-पांढऱ्यात सगळ्यात ठळक फरक असतो हे बरोबर. ती काळी-पांढरी कार्डं घेतलीत तर बिघडत नाही, पण तुमच्या कपाळावरची केसांची कडसुद्धा तेच काम करते आणि ती फुकट आहे, शिवाय हलते.

मघाच्या गोमेकडे परत येते. बाळ बारीक रेघांकडे वळत नाही म्हणजे त्या दिसत नाहीत का? हे दुसऱ्या रस्त्याने तपासता येतं. डोक्यावर मागच्या बाजूला, जिथे मेंदूचा बघण्याचा भाग असतो, तिथे इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतली बारीक वीज टिपणारी टोकं, लावायचे आणि स्क्रीनवरच्या रेघा ठरावीक वेगाने काळ्याच्या पांढऱ्या, पांढऱ्याच्या काळ्या करत राहायच्या. मेंदूला त्या रेघा पोचत असतील तर मेंदूच्या विजेतही तोच ठेका उमटतो. १९८५ मध्ये नॉर्शिया आणि टायलर यांनी रेघा दहाएक सेकंदात झरझर जाड-बारीक करून हे मोजलं, आणि पहिल्या महिन्यातल्या बाळांचाच आकडा आला साडेचार जोड्यांच्या आसपास, आठ महिन्यांच्या पुढे वीस! कार्डांच्या हिशोबाने एक आणि आठ यायला हवा होता. मग खरं काय? माझं मत असं की दोन्ही खरे, प्रश्न वेगळे आहेत. मेंदूच्या दारापर्यंत काय पोचतं हा एक, आणि पोचल्यावर बाळाला मान वळवाविशी वाटते का हा दुसरा. जुन्या पिढीतले लोक अजून यावर वाद घालतात, घालू देत.

कंटाळण्याची युक्ती अशी. एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवायचं. बाळ पहिल्यांदा वीस सेकंद बघेल, मग पंधरा, मग सात. सुरुवातीच्या तीन वेळांच्या निम्म्यावर आलं की समजायचं बाळ कंटाळलं, आणि आता बदललेलं चित्र दाखवायचं. डोळे परत टवकारले तर बदल कळला. यात पसंतीचा प्रश्नच येत नाही म्हणून मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते, फक्त बाळ कंटाळून थेट झोपूनच गेलं तर काही इलाज नाही.

कानाचं कामही असंच चालतं, फक्त डोळ्याऐवजी चोखणं. चोखणीत दाब मोजणारं यंत्र बसवतात, जोरात चोखलं की आवाज वाजतो, बाळाला हे लवकरच कळतं. १९७१ मध्ये पीटर आयमास आणि मंडळींनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ‘बा’ ऐकवून कंटाळवलं, मग ‘पा’ लावल्यावर चोखणं परत वाढलं. १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जेमतेम तीन दिवसांच्या आतली बाळं स्वतःच्या आईचा आवाज लागावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. आणि मराठी माणसाने आवर्जून ऐकावा असा अभ्यास जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा, १९८४ चा, कॅनडात झालेला. त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ घेतले. इंग्रजी घरातल्या मोठ्या माणसांना हा फरक नीट ऐकूच येत नाही, पण त्याच घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या जवळपास सगळ्या बाळांना ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता गळून गेली होती, हिंदी ऐकणाऱ्या बाळांची मात्र शाबूत. इथे पद्धत मान वळवण्याची होती, आवाज बदलला की बाजूच्या काळ्या डब्यात दिवा लागून खेळणं नाचतं, मग बाळ आवाज बदलताच आधीच तिकडे बघायला लागतं.

वासाचं आणि स्पर्शाचं काम तुलनेने कमी झालंय, वास बंद-चालू करता येत नाही हे एक कारण. आईच्या दुधाचा वास असलेली कापडी पट्टी एका बाजूला आणि परक्या बाईची दुसऱ्या बाजूला ठेवली तर आठवड्याभराचं बाळ आईच्या पट्टीकडे जास्त वळतं, हे १९७० च्या दशकातच दिसलं होतं.

समोरची जागा किती खोल आहे हे बाळाला कळतं का, यावरचा काचेच्या टेबलाचा प्रयोग तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक, १९६०. काचेखाली अर्ध्या भागात चौकटीचं कापड लगेच खाली, अर्ध्यात खूप खोल. सहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळं होती, त्यातली २७ मधल्या फळीवरून हलली, आणि खोल बाजूला फक्त तीन गेली. लोक म्हणाले बघा, बाळांना उंचीची भीती उपजत असते. पण खोली दिसणं एक आणि भीती वाटणं दुसरं. दीड-दोन महिन्यांच्या, न रांगणाऱ्या बाळांना नुसतं त्या काचेवर पालथं ठेवलं तर खोल बाजूला त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, घाबरल्यावर वाढतात तसे वाढले नाहीत. ठोके मंदावणं हे लक्ष लागल्याचं लक्षण. म्हणजे फरक त्यांना कळला, भीती काही दिसली नाही. पुढे १९८५ मध्ये काचेखालची खोली फूटभरच ठेवून पलीकडे आईला उभं केलं, आई हसली तेव्हा वर्षाच्या १९ पैकी १४ बाळांनी काच ओलांडली, आईने घाबरा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकानेही नाही.

म्हणूनच लॅबमध्ये तुम्हाला काळा चष्मा किंवा हेडफोन देतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही स्क्रीन बघितलीत की तुमची मांडी नकळत हलते, श्वास बदलतो, आणि बाळ तुमच्या अंगावर बसलेलं असतं, त्याला सगळं कळतं. मग आमच्याकडे डेटा तुमचा येतो, बाळाचा नाही.

दोन महिन्यांच्या बाळाला बहुतेक कार्डं नाहीतर आय ट्रॅकर असेल. आय ट्रॅकर म्हणजे स्क्रीनखाली बसवलेला कॅमेरा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, त्याची डोळ्यात पडलेली चमक आणि बाहुली यांच्या अंतरावरून नजर कुठे आहे ते काढतात. आधी स्क्रीनच्या कोपऱ्यांत काहीतरी फिरणारं, वाजणारं दाखवून यंत्र त्या बाळाच्या डोळ्यांशी जुळवून घेतात. इलेक्ट्रोडची जाळीदार टोपी असेल तर मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेले स्पंज असतात, डोकं ओलं होतं एवढंच, ती टोपी फक्त ऐकते, बाळाला वीज वगैरे काही देत नाही. संमतीपत्र नीट वाचा, व्हिडिओ कोण बघणार आणि किती वर्षं ठेवणार हे विचारा, आणि मधेच थांबावंसं वाटलं तर कारण न देता थांबा, तो तुमचा हक्क आहे.

निकालात तुमच्या बाळाचा ‘नंबर’ मागू नका, मिळाला तरी त्याला फार अर्थ नाही. एका बाळाकडून आम्हाला पाच-सहा मिनिटं मिळतात आणि त्यात नुसत्या योगायोगाने आलेले चढउतार भरपूर, निष्कर्ष निघतो तो अनेक बाळांच्या सरासरीतून. तीसुद्धा आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं वीस-पंचवीस बाळांवर काढली जायची, ही आमची जुनी लाज. २०२० मध्ये ६७ लॅबनी मिळून २,३२९ बाळांवर एकच प्रयोग केला, बाळांशी आपण जे लाडिक बोलतो ते त्यांना साध्या बोलण्यापेक्षा जास्त आवडतं का. आवडतं, पण आधीच्या लहान अभ्यासांवरून वाटायचं त्याच्या मानाने बरंच कमी.

डोळ्यांबद्दल खरी शंका असेल तर मात्र लॅबची वाट बघू नका. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक दिसणं, डोळे सतत थरथरणं, तीन महिने उलटूनही चेहऱ्याकडे न बघणं, चार महिन्यांनंतरही कायम तिरळेपणा, यातलं काही असेल तर सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे. जन्मजात मोतीबिंदूत तर पहिले काही आठवडेच मोलाचे असतात. डॅफ्ने मॉरर आणि टेरी लुईस यांनी मोतीबिंदू काढलेली बाळं तपासली, एक आठवड्याची ते नऊ महिन्यांची. लेन्स लावल्या त्या क्षणी, वय काहीही असो, नजर नवजात बाळाएवढीच, कारण तोपर्यंत स्पष्ट असं काही दिसलंच नव्हतं. मग बाळांना तासभर फक्त जागं ठेवून आजूबाजूला बघू दिलं आणि तीच कार्डं परत धरली. तासाभरात नजर सुधारलेली होती, मोजता येईल इतकी.

लॅबला जाताना झोप आणि दूध दोन्ही झाल्यावरची वेळ मागा, आणि रेघा-रेघांचा कुर्ता घालू नका, बाळ मान वळवून तोच बघत बसतं.